कौल

मार्च संपत आला की आमच्या शाळेच्या ऑफिसात पालकांची रीघ लागते. एसएसएलसीची परीक्षा अजून व्हायची असते, निकाल तर त्याहून लांब, पण बापाच्या जिवाला धीर नसतो. ‘सर, पोराला सायन्सला घालू की कॉमर्सला?’ माझ्याजवळ या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं तयार आहेत. गणितात पस्तिशीच्या आसपास घुटमळणाऱ्याला सायन्सला घालू नका. ज्याचे हात चालतात त्याला डिप्लोमाला पाठवा. मुलगी हुशार असेल तर लग्नाची घाई करू नका. तीस-बत्तीस वर्षं मी हेच सांगत आलो आहे आणि लोक ‘होय की सर, बरोबर बोललात’ म्हणून समाधानानं उठून गेले आहेत.

२०२२ च्या मार्चमध्ये मात्र हा प्रश्न माझ्याच घरात जेवणाच्या टेबलावर येऊन बसला, आणि माझी तीनही उत्तरं तिथं कुचकामी ठरली.

टेबलावर चार कागद होते. कागद म्हणजे खरं तर ई-मेलच. पण हातात धरल्याशिवाय मला वाचल्यासारखं वाटत नाही, म्हणून मी ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले होते. आमची मुलगी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी.च्या शेवटच्या सहामाहीत होती आणि तिला पुढं मॅथेमॅटिकल लॉजिक शिकायचं होतं. गणिती तर्कशास्त्र. शेजारच्या दुकानदारांनी विचारलं, ‘काय ओ सर, पोरगी काय शिकायला चाललीय?’ मी सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, ‘म्हणजे वकिलीच की!’ मी मान हलवली. तेवढ्या वेळात त्याहून बरं उत्तर मलाही सुचलं नव्हतं.

हा विषय आमच्या घरात शिरला तो टाळेबंदीत. २०२० च्या मार्चमध्ये ती चेन्नईहून घरी आली आणि वर्षाहून अधिक काळ तिचे वर्ग माडीवरच्या खोलीतून चालले. शाळा बंद, मला काम नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर पेपर घेऊन बसायचो आणि आत चाललेलं ऐकायचो. नव्या शिक्षकाची परीक्षा मी नेहमी अशीच करतो. वर्गात जाऊन बसलं की शिक्षक बदलतो. व्हरांड्यात उभं राहिलं की तो खरा ऐकू येतो. तर असं व्हरांड्यातून मी बरंच तर्कशास्त्र ऐकलं. समजलं रुपयातले चार आणे.

त्या चार आण्यांतला पहिला आणा गोडेलचा. १९३० च्या सप्टेंबरात क्योनिग्सबर्ग या गावी एक परिषद भरली होती. चोवीस वर्षांचा हा तरुण चर्चेच्या शेवटी उठला आणि दोन-चार वाक्यांत काही सांगून खाली बसला. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते काय आहे हे कळलंच नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच गावात, त्या काळचे गणितातले ज्येष्ठ पुरुष डेव्हिड हिल्बर्ट यांनी भाषण केलं: गणितात न सुटणारा प्रश्न म्हणून काही नाही, आज ना उद्या सगळं कळेलच. आदल्या दिवशी त्या पोरानं सांगितलं होतं ते नेमकं याच्या उलट जाणारं होतं. पूर्णांकांची साधी बेरीज-गुणाकाराची गणितं ज्या नियमबद्ध पद्धतीत मांडता येतात आणि जिच्यात विसंगती नाही, अशा कुठल्याही पद्धतीत एक तरी विधान असं निघतं, की जे खरं असूनही त्या पद्धतीच्या नियमांनी सिद्ध करता येत नाही. १९३१ मध्ये त्याचा निबंध छापून आला. हे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. शाळेत गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, ‘सर, पोर्शनमध्ये नाही ना?’

दुसरा आणा आमच्या आईनं मिळवून दिला. आईचं माहेर सावंतवाडीकडचं. ती एकदा नातीला म्हणाली, ‘तू इतके दिवस त्या डब्यासमोर बसून काय शिकतेस ते मला सांग तरी.’ नात म्हणाली, ‘आजी, तुमच्या गावी देवाला कौल लावतात ना?’

‘लावतात की. उजवा पडला तर होय.’

‘समज, यंत्राला काही प्रश्न सुटत नाहीत. कितीही मोठं यंत्र असू दे. एखादं काम सुरू केलं तर ते कधी तरी संपेल की चालूच राहील, हे सगळ्याच कामांबद्दल आधी सांगणारी रीत असूच शकत नाही. हे ट्युरिंगनं १९३६ साली सिद्ध केलं. मग तो पुढं म्हणाला, समजा एक देव आहे, आणि या एका तऱ्हेच्या प्रश्नांवर त्याचा कौल कधीच चुकत नाही. त्याला विचारून पुढं जायचं. तरीसुद्धा असे प्रश्न उरतात, की जे त्या कौलानंही सुटत नाहीत.’

आई म्हणाली, ‘मग दुसऱ्या देवाला लावायचा. मोठ्या.’

‘तेच तर! आणि त्या मोठ्या देवाच्याही आवाक्याबाहेरचे प्रश्न असतात. मग त्याहून मोठा देव. अशा पायऱ्याच पायऱ्या आहेत, आणि त्या एकाखाली एक सरळही नाहीत. मला त्या पायऱ्या शिकायच्या आहेत.’

आई बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे सगळ्यात वरचा देव नाहीच?’ नात म्हणाली, ‘नाही.’ आईला हे फारसं आवडलं नाही. पण तिला विषय कळला होता, माझ्यापेक्षा लवकर. या शाखेला पूर्वी रिकर्शन थिअरी म्हणत, आता कंप्युटेबिलिटी म्हणतात.

तिसरा आणा टार्स्कीचा. एखाद्या भाषेतली वाक्यं खरी केव्हा म्हणायची, याची व्याख्या त्याच भाषेत बसून पुरती करता येत नाही, त्यासाठी बाहेरची एक भाषा लागते. आल्फ्रेड टार्स्कीनं हे १९३३ मध्ये पोलिश भाषेत प्रसिद्ध केलं. हे अर्थात काटेकोर मांडलेल्या गणिती भाषांबद्दल आहे, आपल्या बोलीबद्दल नाही, असं मुलीनं मला दोनदा बजावलं. तरी मला आमच्या शाळेतले कन्नडचे मास्तर आठवलेच. नवीन आले तेव्हा ते माझ्याकडं मराठी शिकत. एकदा म्हणाले, ‘सर, तुमच्यात “आम्ही” आहे आणि “आपण”ही आहे. दोन्ही “नावु”च ना? मग दोन कशाला?’ मी संस्कृतचा एम.ए., जन्म मराठीत गेला, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो, एवढं सांगायला मला अर्धा तास लागला. कन्नडच्या उंबऱ्यावर उभं राहून बघितलं म्हणून माझं मराठी मला दिसलं. हे ऐकून मुलगी म्हणाली, ‘बाबा, टार्स्की हे म्हणत नाही.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘पण असू दे. चांगलं आहे.’

चौथा आणा मात्र निवडीचा, आणि तोच सगळ्यात महाग पडला.

कॉलेज निवडायचं म्हणजे नाव बघायचं, एवढंच मला ठाऊक होतं. मी जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या शोधून वहीत लिहून काढल्या होत्या. मुलीनं वही उघडून बघितली आणि हळूच मिटून ठेवली. म्हणाली, ‘यातल्या कितीतरी ठिकाणी गणिताचा विभाग प्रचंड आहे आणि तर्कशास्त्राचा एकही माणूस नाही. तिथं जाऊन मी काय करू?’

हा विषयच मुळात अल्पसंख्याकांचा. मॉडेल थिअरी, सेट थिअरी, कंप्युटेबिलिटी आणि प्रूफ थिअरी या त्याच्या चार मोठ्या शाखा. एखाद्या चांगल्या विभागात मिळून दोन, तीन, फार तर पाच माणसं असायची. तीही बहुधा एकाच शाखेतली, कारण माणूस आपल्यासारख्याच माणसाला बोलावतो. विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन क्लीनी चाळीसएक वर्षं राहिले म्हणून तिथं कंप्युटेबिलिटीचं झाड वाढलं. सेट थिअरीसाठी दुसरीकडं जावं लागतं. आपल्या देशात या विषयातली माणसं गणितापेक्षा संगणकशास्त्राच्या विभागांत जास्त भेटतात. शिवाय दारंही वेगवेगळ्या तऱ्हेची. अमेरिकेत आधी गणिताच्या विभागात शिरायचं, अल्जेब्रा-ॲनालिसिसच्या परीक्षा काढायच्या, मग गुरू धरायचा. युरोपात पीएच.डी. ही बहुतेक ठिकाणी नोकरीसारखी जाहीर होते. गुरू आणि विषय आधी ठरलेला, पण त्याआधी पक्कं एम.एस्सी. हवं.

मुख्य म्हणजे ही ठिकाणं टिकत नाहीत, कारण ठिकाण म्हणजे माणूस. गटिंगेन हे हिल्बर्टमुळं गणिताचं काशीक्षेत्र होतं. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलं. तर्कशास्त्रात हिल्बर्टचा उजवा हात असलेले पॉल बर्नाइस गेले, एमी नोएथर गेल्या, कूरांट गेले. इमारत तीच, ग्रंथालय तेच, पण क्षेत्र उठलं. इकडं टार्स्की १९३९ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्डला एका परिषदेसाठी म्हणून बोटीनं निघाला. बायको आणि दोन मुलं वॉर्सात. तो अमेरिकेत पोचला आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला युद्ध पेटलं. परतीची वाट बंद. बायको-मुलांची भेट व्हायला १९४६ उजाडलं. आईवडील आणि भाऊ मारले गेले. १९४२ मध्ये त्याला बर्कलीत जागा मिळाली, आणि त्या एका अडकून पडलेल्या माणसाभोवती तर्कशास्त्राची जी शाळा उभी राहिली ती जगात पहिल्या रांगेत गेली. गणित आणि तत्त्वज्ञान या दोन विभागांच्या मधोमध तर्कशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रमही तिथंच सुरू झाला.

हे ऐकताना मला आमचा न्याय आठवत होता. नव्यन्यायाचं पीठ मिथिला. चौदाव्या शतकातल्या गंगेशाचा तत्त्वचिंतामणि शिकायचा तर मिथिलेलाच जावं लागे, आणि तिथले पंडित पोथी उतरवून नेऊ देत नसत. आख्यायिका अशी, की नवद्वीपचा वासुदेव सार्वभौम तिथं शिकायला गेला आणि पोथी पाठ करून परतला. त्यानंतर विद्यार्थी नवद्वीपला जाऊ लागले. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा तिनं वही मिटली होती तितक्याच हळुवारपणे विचारलं, ‘बाबा, हे सगळं तुम्हाला येतं, मग तुम्ही पुढं का नाही शिकलात?’ त्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. ते पुढं येतं.

तर चार कागद. पहिला बर्कलीचा. नकार. ते दर वर्षी मोजकीच मुलं घेतात. मी मात्र ‘बर्कली, बर्कली’ म्हणून अर्ध्या टिळकवाडीला सांगून बसलो होतो. दुसरा ॲम्स्टरडॅमचा. तिथल्या विद्यापीठात तर्क, भाषा आणि संगणन यांची मिळून एक संस्थाच आहे आणि ‘मास्टर ऑफ लॉजिक’ नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ॲम्स्टरडॅम हे ब्रौवरचं गाव. कुठलंही विधान एक तर खरं, नाही तर खोटं, तिसरा पर्याय नाही, हा नियम अनंताच्या बाबतीत सरसकट वापरू नका म्हणणारा तो गणिती. १९५६ पासून ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या जागेत राहणाऱ्या आम्हा मंडळींना ब्रौवर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. असो. तिथं प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्ती नव्हती; आणि युरोपाबाहेरच्या मुलांना फी कितीतरी पट. तिसरा कागद अमेरिकेतल्या मध्यपश्चिमेच्या एका विद्यापीठाचा: पीएच.डी., फी माफ, पदवीच्या मुलांना शिकवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, ती रागावेल. चौथा चेन्नईच्याच मॅटसायन्सचा, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसचा: संगणकशास्त्रात पीएच.डी., देशातली नावाजलेली संस्था, फेलोशिप, आणि निघाल्यापासून एका दिवसात घर.

माझं मत चौथ्या कागदाला होतं. उघडपणे मी म्हणत होतो, ‘आपल्याकडं चांगलं असताना बाहेर कशाला?’ मनात वेगळं होतं. आईला चौऱ्याऐंशी, सौभाग्यवतींची शुगर, आणि एकुलती एक मुलगी पाच-सहा वर्षं सातासमुद्रापार. पोटापाण्याचाही प्रश्न होताच. तर्कशास्त्रात प्राध्यापकाच्या जागा जगभर मूठभर, पीएच.डी. झालेली कितीतरी मुलं शेवटी संगणकाकडं वळतात. मुलगी म्हणाली, ‘वळेन. हल्ली मोठमोठ्या सिद्धता संगणकाकडून तपासून घेतात, तिथं हीच माणसं लागतात.’ नकाशाला रंग द्यायला चार रंग पुरतात या प्रमेयाची सिद्धता २००५ मध्ये अशी शेवटपर्यंत तपासली गेली, हे तिनंच सांगितलं. तेवढ्यावर पोटाची चर्चा संपली. मुलांना पोटाची काळजी आपल्याइतकी नसते, हे एका परीनं बरंच आहे.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, ‘भीमसेन जोशी गदगहून १९३३ मध्ये घर सोडून पळाले. वय अकरा. ग्वाल्हेर, कलकत्ता करत गुरू शोधत पार जालंधरपर्यंत गेले. आणि तिथं विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना काय सांगितलं? अरे, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व असताना तू इथं काय करतोस? परत आले आणि तिथंच शिकले. गुरू घराजवळच होता.’

आपल्या भागातली गोष्ट, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी ती दहा वेळा सांगितली असेल. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘पण बाबा, ते आधी जालंधरला गेले होते. तिथं गेल्यावर त्यांना कुंदगोळ कळलं.’

मी काही बोललो नाही.

‘आणि दुसरं. सवाई गंधर्व किराण्याचे होते आणि भीमसेनांना ते गाणं हवं होतं. त्यांना धृपद हवं असतं तर कुंदगोळ घराच्या पायरीवर असूनही उपयोग नव्हता. चेन्नईची माणसं उत्तम आहेत, मी त्यांच्याकडं शिकलेय. ती तर्कशास्त्र वापरून संगणकाचे प्रश्न सोडवतात. मला आजीच्या पायऱ्या हव्या आहेत. जवळ-लांब, आपलं-परकं याचा इथं संबंधच नाही.’

पत्ता वाया गेला की माणूस आवाज चढवतो. मीही चढवला. म्हटलं, ‘सगळ्यांना हवं ते शिकायला मिळतं असं नाही. मलाही न्याय शिकायला पुण्याला जायचं होतं. जागा मिळाली होती, थोडी शिष्यवृत्तीही. आप्पांनी पाठवलं नाही. राहिलो मी. काय बिघडलं?’

आत माजघरातून आईचा आवाज आला. ‘आप्पांनी कुठं अडवलं तुला?’

आम्ही दोघंही गप्प झालो.

‘त्यांनी तर ट्रंक आणून ठेवली होती. शहापुरातनं. नवी. त्याच जूनमध्ये तुला शाळेची ऑर्डर आली आणि तूच म्हणालास, कायम नोकरी कोण सोडतो. ते बिचारे दोन दिवस त्या ट्रंकेकडं बघत होते. तीच ट्रंक ती, माळ्यावर. आकाशकंदील ठेवतोस तू तिच्यात.’

१९९० ची गोष्ट. ‘आप्पांनी पाठवलं नाही’ हे वाक्य मी इतकी वर्षं इतक्या जणांना सांगितलं होतं, की ते मलाच खरं वाटू लागलं होतं. बायकोला लग्नाआधी सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, आप्पा गेले तेव्हा भेटायला आलेल्या एका मित्रालाही सांगितलं. आप्पांनी ते कधी ऐकलं असेल का, हा विचार त्या रात्री मला पहिल्यांदा शिवला. कपाटात वरच्या खणात आठल्ये-बोडसांचा तर्कसंग्रह आणि झळकीकरांचा न्यायकोश अजून आहेत. दोन्ही मी पुण्याला न्यायचे म्हणून घेतले होते.

त्यानंतर मी चेन्नईचं नाव काढलं नाही. तिसऱ्या कागदाचंही काढलं नाही. तिचं तिनंच ठरवावं म्हटलं.

तिनं ठरवलं त्या पद्धतीबद्दल मात्र सांगायला हवं, कारण आम्हा शिक्षकांना ती शिकण्याजोगी आहे. तिनं प्राध्यापकांना फार विचारलं नाही. तिनं तिथल्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली. तुमचे मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात? तर्कशास्त्राची बैठक दर आठवड्याला भरते का, आणि तिला किती जण येतात? कोण निवृत्तीला आलंय? पहिल्या परीक्षांत किती मुलं गळतात? आणि शेवटी: जी सोडून गेली, त्यांच्यापैकी कुणाचा पत्ता मिळेल का? हा शेवटचा प्रश्न वाचून मी चमकलो. आजवर आमची शाळा तपासायला इतके अधिकारी येऊन गेले. शाळा सोडून गेलेल्या मुलांचा पत्ता एकानंही मागितला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तो कधी ठेवला नाही.

एका सोडून गेलेल्या मुलानं लांबलचक उत्तर लिहिलं. प्राध्यापकांबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो तर्कशास्त्राच्या ओढीनं गेला, आणि ॲनालिसिसच्या परीक्षेकडं त्यानं दुर्लक्ष केलं. दोनदा नापास झाला. त्यानं लिहिलं होतं, की आधी ती परीक्षा काढ, मग काय हवं ते कर. आमच्या मुलीनं ते पत्र छापून आणायला सांगितलं. झेरॉक्सवाल्याकडं मीच गेलो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. त्या संध्याकाळी ती देवघरात आजीजवळ जाऊन बसली. म्हणाली, ‘आजी, लाव कौल.’ आई म्हणाली, ‘कौल आमच्या गावच्या देवाला लावतात, इथं नाही. आणि तुझं ठरलंय की. ठरलेल्याला कौल लावू नये, देवाला राग येतो.’ रात्री साडेनऊला तिनं तिसऱ्या कागदाला होकार पाठवला आणि ॲम्स्टरडॅमला, चेन्नईला नम्र नकार. चेन्नईचा नकार लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी माळ्यावरून ट्रंक काढली. आकाशकंदिलाचा सांगाडा, जुनी लाल पणत्यांची पिशवी, रांगोळीचे डबे बाहेर ठेवले आणि ट्रंक पुसली. मुलगी हसायला लागली. विमानात लोखंडी ट्रंक कोण घेतं? खरंच होतं. तिच्या आईनं दोन चाकांच्या बॅगा आणल्या होत्या. मी ट्रंक पुन्हा भरून वर ठेवली.

ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेली. पहिलं वर्ष बहुतेक ॲनालिसिस आणि अल्जेब्राचंच होतं. तर्कशास्त्र तोंडी लावण्यापुरतं. परीक्षा निघाल्या. ज्यांच्याकडं बघून ती गेली होती त्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी दुसऱ्या वर्षी नवे विद्यार्थी घेणं थांबवलं. पत्रांतून ते तिला आधीच कळलं होतं, म्हणून तिनं तिथल्या तरुण प्राध्यापिकेच्या बैठकीला पहिल्या महिन्यापासून जायला सुरुवात केली होती. आता तिच्याकडंच काम चाललं आहे. किती वर्षं लागतील, पुढं जागा मिळेल की नाही, यातलं काही ठरलेलं नाही. मी तिला विचारत नाही. पालकांना दिलेल्या उत्तरांतही हल्ली मी जरा अडखळतो. परवा एकाला म्हटलं, ‘पोरग्याला विचारलात का?’ तर तो माझ्याकडं बघतच राहिला.

ती गेली त्या पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी फोन आला. स्पीकर लावून आम्ही तिघंही बसलो होतो. ती म्हणाली, ‘आमच्याकडं काल रात्रभर बर्फ पडला. तळं गोठलंय, लोक त्यावरनं चालतायत.’ आई एकदम म्हणाली, ‘आमच्याकडं? म्हणजे हे घर तुझं नव्हे होय?’ पलीकडं क्षणभर शांतता. सौभाग्यवती आईंना खुणेनं गप्प करत होत्या. मग तिकडून आवाज आला, ‘आजी, आपल्याकडं थंडी पडली का गं?’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ही गोष्ट कन्नडच्या मास्तरांना सांगितली. त्यांना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ चांगलं आठवत होतं. ते चहा ढवळत म्हणाले, ‘आमच्यात एकच, सर. नम्म कडे. तिकडचंही नम्म, इकडचंही नम्म. कन्नडात बोलली असती तर आजींना कळलंही नसतं.’ मी म्हटलं, ‘आईला कळलं ते बरं झालं की वाईट झालं?’ ते विचार करत होते, तेवढ्यात घंटा झाली आणि ते नववी ब वर गेले.